लँकशायरचं फ्रॅकिंग नेमकं कशामुळे थांबलं?

पायवाट

फ्रॅकिंग म्हणजे खोल खडक दाबाच्या पाण्याने फोडून त्यातला गॅस काढणं. इंग्लंडमधल्या फ्रॅकिंगविरोधाबद्दल आपल्याकडे जे थोडंफार छापून येतं, त्यात फाटकावर पिवळे ॲप्रन घालून बसलेल्या आज्यांचा फोटो असतो आणि खाली लोकशक्तीच्या विजयाची ओळ. फोटो खरा आहे. माझी तक्रार त्या ओळीबद्दल आहे. ब्लॅकपूल आणि प्रेस्टनच्या मधल्या प्रेस्टन न्यू रोडच्या फाटकावर जानेवारी २०१७ पासून माणसं ठाण मांडून होती. तरी विहीर खणली गेली, आडवी वळवली गेली आणि १५ ऑक्टोबर २०१८ला तिच्यात दाबाने पाणीही सोडलं गेलं. काम अडलं ते बऱ्याच आधी कागदावर लिहून ठेवलेल्या भूकंप-तीव्रतेच्या एका आकड्याने: ०.५.

घटनाक्रम थोडक्यात.

२०११मध्ये जवळच्याच प्रीस हॉल विहिरीत क्वाड्रिला कंपनीने फ्रॅकिंग केलं. १ एप्रिलला २.३ आणि २७ मेला १.५ तीव्रतेचा धक्का बसला, काम थांबलं. डिसेंबर २०१२मध्ये सरकारने परवानगी पुन्हा दिली, पण 'ट्रॅफिक लाइट' बसवून: ठरावीक तीव्रतेचा धक्का बसला की लाल दिवा, काम थांबवायचं. कंपनीच्या सल्लागारांनी लाल दिव्यासाठी १.७ सुचवलं होतं. सरकारने नेमलेल्या तिघा तज्ज्ञांनी ते ०.५वर आणलं.

मग दोन नव्या जागांचे अर्ज आले: प्रेस्टन न्यू रोड आणि रोझेकर वूड. जून २०१५मध्ये लँकशायर काउंटी कौन्सिलने दोन्ही फेटाळले. पहिला आवाज आणि परिसराचं रूप बिघडणं या मुद्द्यांवर (अधिकाऱ्यांची शिफारस मंजुरीची असताना!), दुसरा अवजड वाहतुकीवर. कंपनी अपिलात गेली, २०१६च्या सुरुवातीला ब्लॅकपूलला जाहीर सुनावणी झाली आणि ६ ऑक्टोबर २०१६ला मंत्री साजिद जाविद यांनी कौन्सिलचा निर्णय फिरवून पहिली जागा मंजूर केली. रोझेकर वूड मात्र रस्त्याच्या मुद्द्यावर लोंबकळत राहिलं आणि फेब्रुवारी २०१९मध्ये कायमचं नामंजूर झालं.

कंपनी तीच, खडक तोच, विरोधकही बहुतेक तेच. लोकांनी हवामानबदल, मिथेन, भूजल, आरोग्य सगळं मांडलं होतं. मंत्र्याच्या टेबलावर टिकलं काय, तर अरुंद गल्लीत समोरासमोर येणारे ट्रक.

जाणकारांनी चिरफाड करावी.

खडकफोड

धागा वाचनखुणेत साठवला. 'आकड्याने अडलं' हे बरोबर, पण अडलं म्हणजे विहिरीत काय झालं ते सांगायला हवं.

प्रेस्टन न्यू रोडची पहिली आडवी विहीर सव्वादोन किलोमीटरच्या आसपास खोल, बोलँड शेल या गॅस धरून ठेवणाऱ्या खडकाच्या थरात. आडव्या भागाच्या पाइपात ४१ सरकत्या झडपा बसवलेल्या. एकेक झडप म्हणजे एकेक टप्पा. गुंडाळीवरची लवचिक नळी आत सोडायची, तिच्या टोकाच्या अवजाराने एक झडप उघडायची, बाकीच्या बंद ठेवायच्या आणि पंप सुरू करायचे. आधी नुसतं पाणी, त्यात घर्षण कमी करायला किंचित पॉलिॲक्रिलामाइड. खडक फुटला हे दाबाच्या आलेखावर दिसलं की वाळू मिसळायला लागायचं, हळूहळू वाढवत. वाळूचं काम एकच: पंप बंद झाला की भेग मिटू नये. परवान्यात दर टप्प्याला ७६५ घनमीटरची कमाल मर्यादा होती.

आता समजा वाळू चालू असताना लाल दिवा लागला. नियमाप्रमाणे पंप बंद, दाब उतरवा, १८ तास थांबा. आडव्या पाइपात वाळू तळाला बसते. ती धुऊन काढल्याशिवाय पुढचा टप्पा नाही. ज्या भेगेत वाळू पोचलीच नाही ती मिटते, म्हणजे पाणी गेलं, डिझेल गेलं, गॅसची वाट मात्र उघडली नाही. आणि पंपांचा ताफा दिवसाच्या भाड्यावर, तो उभा राहिला तरी मीटर चालूच. ४१ टप्प्यांपैकी दोनच आराखड्याप्रमाणे पूर्ण झाले, हे नंतर कंपनीनेच सांगितलं.

दोन टप्प्यांवरून विहीर किती देईल याचा अंदाज बांधता येत नाही. कंपनीचं खरं नुकसान तिथे झालं. तपासणीच पुरी झाली नाही, तर गुंतवणूकदाराला दाखवायचं काय?

तिरकस

काडी टाकतो. ०.५ तीव्रता म्हणजे दोन किलोमीटर खोलवर काहीतरी करकरलं आणि वर कोणालाच कळलं नाही. दगडखाणीतल्या सुरुंगाने याहून जास्त हादरा बसतो. खाणीला जमिनीच्या कंपनाची मर्यादा लावायची आणि गॅसला कुणाला न जाणवणाऱ्या तीव्रतेची, हा कुठला न्याय? रॉयल सोसायटी आणि रॉयल ॲकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगने २०१२च्या अहवालात स्पष्ट म्हटलं होतं की उत्तम पद्धती पाळल्या आणि नियमांची अंमलबजावणी झाली, तर धोके आटोक्यात ठेवता येतात.

शिवाय ब्रिटन गॅस वापरायचा थांबला का? नाही. त्यातला काही आता जहाजाने येतो. आपल्या परसात नको, दुसऱ्याच्या परसातला चालेल.

भूकंपमापी

@तिरकस, ०.५ ही नुकसानीची मर्यादा नाहीच, ती इशाऱ्याची आहे. दुधावर लक्ष ठेवायचं तर गॅस उतू गेल्यावर बंद करून उपयोग नाही, काठाला बुडबुडे आले की करावा लागतो. इथे तर गॅस बंद केल्यावरही दूध चढत राहतं, आणि अडचण तीच आहे.

पाणी दाबाने खडकात शिरतं. जवळपास आधीच ताणलेला प्रस्तर-भंग असेल, तर पाण्याचा दाब त्याच्या दोन बाजूंना आवळून धरणारं घर्षण कमी करतो आणि तो सरकतो. पंप बंद केला तरी आत गेलेला दाब तिथेच विरत नाही, तो भेगांमधून पसरत राहतो. म्हणून मोठा धक्का काही वेळा पंप बंद झाल्यावर येतो.

दुसऱ्या विहिरीत ऑगस्ट २०१९मध्ये हेच दिसलं. २१ तारखेला १.६. २४ला २.१. २६ला, बँक हॉलिडेच्या सोमवारी सकाळी, २.९. त्या सकाळी पंप चालू नव्हते. घरांना तडे गेल्याच्या तक्रारी आल्या.

ही मोजणी लॉगरिदमिक आहे हे विसरू नका. ०.५ आणि २.९ यांत फरक २.४चा. म्हणजे कंपनाचा आयाम सुमारे २५० पट आणि ऊर्जा सुमारे ४००० पट. लाल दिवा पाळूनही तुम्ही तिथे पोचलात, तर तो १.७वर ठेवला असता तर काय झालं असतं?

ऑइल अँड गॅस ऑथॉरिटी या ब्रिटिश नियामकाच्या अहवालाचा निष्कर्ष याच जातीचा होता: धक्का कधी आणि केवढा येईल हे आधी खात्रीने सांगता येत नाही. २ नोव्हेंबर २०१९ला सरकारने त्यावर बोट ठेवून स्थगिती दिली. (निवडणूक महिन्याभरावर होती, हा योगायोग आपण मान्य करू. ह.घ्या.)

खाणीच्या तुलनेत मात्र तथ्य आहे. मर्यादा तीव्रतेवर ठेवावी की घराच्या पायाशी मोजलेल्या कंपनवेगावर, यावर भूकंपशास्त्रज्ञांतच दोन तट आहेत. माझं मत: नोंदी दोन्हींच्या ठेवाव्यात, थांबवायचा नियम तीव्रतेवर असावा, कारण कंपनवेग मातीप्रमाणे गल्लीगल्लीत बदलतो.

अवांतर: ओक्लाहोमाचं उदाहरण कृपया इथे आणू नका. पॉनीचा ५.८चा धक्का (३ सप्टेंबर २०१६) मुख्यतः सांडपाणी खोल विहिरींत वर्षानुवर्षं जिरवल्यामुळे आला, फ्रॅकिंगच्या पंपामुळे नाही. विरोधकांच्या पत्रकांत ही गफलत इतक्यांदा असते की कंपनीचा वकील तेवढंच धरून सगळं पत्रक उडवतो.

झरा

पाण्यावर कुणीच बोललं नाही, म्हणून.

'फ्रॅकिंगने विहिरीचं पाणी पेटतं' हे वाक्य अर्धं बरोबर आहे. दोन किलोमीटरवरची भेग वर पिण्याच्या पाण्यापर्यंत चढत जाणं अवघड. गॅस वर येतो तो बहुतेकदा विहिरीच्याच अंगाने: पाइप आणि खडक यांमधल्या सिमेंटातून. पाइप नीट मध्यावर धरला नाही तर एका बाजूला सिमेंट पोचतच नाही, चिखलाचा पट्टा राहतो. सिमेंट घट्ट होताना त्याचा दाब उतरतो, त्या फटीत मधल्या थरातला गॅस घुसून नळी पाडतो. पेनसिल्वेनियातल्या डिमॉकचं प्रकरण या जातीचं. म्हणून परवान्याच्या सुनावणीत 'रसायनं कोणती' याच्या बरोबरीने 'सिमेंट-बाँड लॉग (सिमेंट पाइपाला नीट चिकटलंय का याची नोंद) कोण तपासणार, पाइपांमधल्या पोकळीचा दाब किती दिवसांनी मोजणार' हे विचारा.

आणि काम सुरू होण्याआधीची नोंद हवीच. ब्रिटनच्या २०१५च्या इन्फ्रास्ट्रक्चर कायद्यात फ्रॅकिंगपूर्वी १२ महिने भूजलातल्या मिथेनची मोजणी सक्तीची केली, ती याचसाठी. नाहीतर कंपनी म्हणते 'गॅस आधीपासूनच होता', आणि पुष्कळदा खरंच असतो.

नमुना घ्यायची पद्धत, कारण चुका इथे होतात:

पंप चालू करून विहिरीतलं साचलेलं पाणी काढून टाका, साधारण तिप्पट आकारमान. पीएच, विद्युतवाहकता आणि तापमान लागोपाठच्या मोजण्यांत स्थिर झालं की मग नमुना. टाकीतलं किंवा फिल्टरनंतरचं पाणी चालत नाही, गॅस आधीच उडालेला असतो. मिथेनसाठी ४० मिलिलिटरची काचेची कुपी बादलीतल्या त्याच पाण्याखाली बुडवून भरायची आणि पाण्याखालीच झाकण लावायचं. उलटी करून बघा. मुगाएवढा बुडबुडा दिसला तरी ती कुपी बाद. बर्फात ठेवून प्रयोगशाळेत.

सोबत क्लोराइड, बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि एकूण विरघळलेले क्षार मोजा. खोल खारं पाणी वर आलं तर हेच आधी चढतात. मिथेन सापडला तर कार्बन समस्थानिकांची (जड आणि हलक्या कार्बनच्या प्रमाणाची) तपासणी करा. दलदलीतला जिवाणूंचा गॅस उणे ६० दर हजारीच्या खाली असतो, खोल खडकात शिजलेला उणे ५०च्या वर, आणि त्यात इथेनही सापडतो. अमेरिकेत लिटरला १० मिलिग्रॅमवर लक्ष ठेवायला सांगतात, २८वर ताबडतोब हवा खेळती करायला.

कोणी नमुना घेतला, कोणाच्या हातून कोणाकडे गेला, किती वाजता, याचा सहीचा कागद नसेल तर वरचं सगळं कोर्टात शून्य.

नियमावली

धागाकर्त्याच्या मुद्द्याला अमेरिकेतून जोड.

न्यूयॉर्क राज्यातल्या ड्रायडन गावाने ऑगस्ट २०११मध्ये भूवापर नियमात बदल करून गॅस उत्खननाला गावाच्या हद्दीत जागाच ठेवली नाही. कंपनीचं म्हणणं, तेल-वायू कायदा राज्याचा, गावाला अधिकार नाही. ३० जून २०१४ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध २ मतांनी गावाची बाजू घेतली. तर्क साधा: उद्योग *कसा* चालवायचा हे राज्य ठरवेल, *कुठे* चालवायचा हे जमिनीच्या नियोजनाचं काम, ते गावाचं. डिसेंबर २०१४मध्ये गव्हर्नर कुओमो यांच्या प्रशासनाने आरोग्याच्या आढाव्यावरून राज्यभर बंदी जाहीर केली, २०२०मध्ये ती कायद्यात आली.

उलट टेक्सासमधलं डेंटन. नोव्हेंबर २०१४मध्ये ५९ टक्के मतदारांनी शहरात फ्रॅकिंगबंदी मंजूर केली. मे २०१५मध्ये विधिमंडळाने कायदा करून शहरांचा तो अधिकारच काढून घेतला. ड्रायडनपेक्षा डेंटनच्या मागे जनमताचा पुरावा जास्त ठसठशीत होता. टिकलं नाही.

फाटकावरच्या आंदोलनाला मात्र धागाकर्त्याने फारच कमी लेखलंय. जुलै २०१७मध्ये ट्रकवर चढलेल्या तिघांना सप्टेंबर २०१८मध्ये १५ ते १६ महिन्यांची कैद झाली. १७ ऑक्टोबरला अपील न्यायालयाने ती अवाजवी कठोर म्हणून रद्द केली. म्हणजे पंप सुरू झाल्यावर दोनच दिवसांनी. त्या आठवड्यात सगळ्या देशाचे कॅमेरे त्या विहिरीकडे लागले होते, आणि मग प्रत्येक छोटा धक्का बातमी झाला. ०.५चा आकडा जनतेला पाठ झाला तो फाटकामुळे.

पायवाट

@नियमावली, हे मान्य. आणखी एक भर घालतो: दोन्ही बाजूंनी ०.५वर किती ओढाताण झाली बघा. कंपनी तो वाढवून मागत राहिली. तो टिकवायला मंत्र्यांवर जो दबाव लागला, तो फाटकावरूनच आला. म्हणजे आकडा तज्ज्ञांनी दिला, राखला आज्यांनी.

आज्यांवरून आठवलं. तिथे त्या गटाला 'नाना' म्हणतात. लँकशायरच्या बोलीत नाना म्हणजे आजी. आपल्याकडच्या वाचकाला 'नानांनी रस्ता अडवला' म्हटलं की धोतर-कोटातले गृहस्थ दिसणार.

२०२२चंही लिहायचं राहिलं. पंतप्रधान लिझ ट्रस यांनी २२ सप्टेंबरला स्थगिती उठवली. १९ ऑक्टोबरला मजूर पक्षाने बंदीचा ठराव आणला, तो पडला; पण सत्ताधारी खासदारांना मतदानासाठी ज्या तऱ्हेने हाकललं त्याचा इतका गोंधळ झाला की दुसऱ्या दिवशी ट्रस यांनी राजीनामाच जाहीर केला. २६ तारखेला नवे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी स्थगिती परत आणली. त्या चौतीस दिवसांत एकही नवी विहीर फुटली नाही, कारण नियोजन परवानगी, पर्यावरण परवाना आणि भूकंप आराखडा या तिन्ही रांगा पहिल्यापासून लावाव्या लागल्या असत्या.

कावेरीकाठ

आपल्याकडे याच्या जवळ जाणारं उदाहरण तमिळनाडूचं. मन्नारगुडीला २०१०मध्ये कोळशाच्या थरातल्या मिथेनचा ब्लॉक दिला गेला. तिथे मुख्य भीती भेगांची नव्हती. हा गॅस काढायला आधी थरातलं पाणी उपसावं लागतं, आणि कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातला भातशेतकरी उपशाचा अर्थ कोणी न सांगता समजतो. सेंद्रिय शेतीचे जी. नम्मळवार गावोगाव फिरले, ३० डिसेंबर २०१३ला त्याच मोहिमेत त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी जयललिता सरकारने काम थांबवून तज्ज्ञ समिती नेमली होती. २०१७मध्ये नेडुवासल गावात आंदोलन पेटलं, आणि फेब्रुवारी २०२०मध्ये संरक्षित कृषी क्षेत्राचा कायदा झाला. त्यात नव्या तेल-वायू शोधाला बंदी आहे, चालू विहिरींना नाही.

पण लँकशायरच्या मानाने हत्यारं कमी. १६ जानेवारी २०२०च्या केंद्राच्या अधिसूचनेने तेल-वायूचा *शोध* बी-२ गटात टाकला, म्हणजे त्या टप्प्याला जनसुनावणी नाही. उत्पादनाच्या टप्प्याला आहे. आणि विरोधाला खरी धार असते ती शोधाच्या टप्प्यावर. पैसा ओतून झाल्यावर सगळेच म्हणतात आता कशाला. ऑगस्ट २०१८च्या धोरणाने जुन्या ब्लॉकमध्येच शेल गॅस शोधायची मुभाही दिलेली आहे.

सड्यावरची

@तिरकस यांच्या 'दुसऱ्याच्या परसातला चालेल' याला दाभोळचा पुरावा देते. गेल या सरकारी गॅस कंपनीच्या दीर्घ मुदतीच्या करारातलं पहिलं अमेरिकी एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) जहाज मार्च २०१८च्या अखेरीस दाभोळलाच लागलं. 'मेरिडियन स्पिरिट', लुइझियानातल्या सबीन पासहून. तो करार वर्षाला ३५ लाख टनांचा, शिवाय मेरीलँडच्या कोव्ह पॉइंटहून २३ लाख टन. अमेरिकेच्या वाहिन्यांत शेलचा गॅस आणि इतर गॅस एकत्रच वाहतो, त्यामुळे जहाजातला कुठल्या विहिरीचा हे सांगता येत नाही, पण मोठा वाटा फ्रॅकिंगचा. दख्खनच्या बेसॉल्टवर कोणी शेल शोधत नाही म्हणून महाराष्ट्राचा संबंध नाही, असं समजू नये.

तिरकस

हेच म्हणत होतो, फक्त जहाजाचं नाव ठाऊक नव्हतं. +१.

०.५बद्दल मत बदललेलं नाही. रोझेकरबद्दल मात्र पटलं. ट्रक वळत नसेल तर नसेल.

एक प्रश्न: त्या दोन विहिरींचं पुढे काय?

खडकफोड

बुजवायचं ठरलं. नियामकाने २०२२मध्येच तसं सांगितलं होतं, नंतर मुदत वाढली.

पद्धत अशी: झडपांच्या वर पाइपात यांत्रिक बूच बसवायचं, त्यावर सिमेंट. मग मधल्या प्रत्येक पाणीधारक किंवा गॅसधारक थराच्या आडवं एकेक सिमेंटचं बूच, ब्रिटिश उद्योगाच्या दंडकानुसार किमान १०० फूट चांगलं सिमेंट. बूच फक्त पाइपाच्या आत असून भागत नाही. बाहेरच्या पोकळीतलं सिमेंट लॉगवर कच्चं दिसलं तर पाइपाला भोकं पाडून बाहेर पिळावं लागतं किंवा पाइपाचा तो तुकडा कातून काढावा लागतो. सिमेंट घट्ट झाल्यावर त्यावर नळीचं वजन टेकवून बघतात, दाब देऊन बघतात. शेवटी जमिनीखाली काही मीटरवर पाइप कापून झाकण वेल्ड करतात आणि वर माती.

घाई झाली की पहिली काट पाइपाबाहेरच्या सिमेंटाला बसते, कारण ते वरून दिसत नाही. या खर्चाची अनामत आधी घेतली आहे का आणि किती, हे अर्जाच्या सुनावणीत लेखी मागायचं. रोझेकरच्या फायलीत रस्त्याची रुंदी जशी मागितली होती, तसंच.